उन्हावर लेकीच्या सासरी

मी तीस वर्षं नववी-दहावीच्या मुलांना सौर ऊर्जा शिकवली आणि त्या तीस वर्षांत वर्गात एकदाही सौर पॅनेल आणलं नाही. शाळेकडे नव्हतंच. फळ्यावर एक सूर्य, त्याच्याखाली तिरकी पाटी, पाटीतून निघालेली तार आणि तारेच्या टोकाला दिवा, एवढी आकृती काढली की दोन मार्कांचा प्रश्न संपायचा. तो दिवा खरोखर लागतो का, हे कोणी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र मला ते बघायची घाई झाली.

एक इलेक्ट्रिक सायकल घेतली. तिच्यामागे जोडायला दोन चाकांची छोटी गाडी करून घेतली आणि त्या गाडीच्या डोक्यावर दोन पॅनेलं बसवायची ठरवली. श्रीरामपूरच्या वेल्डरने आकृती उलटसुलट करून पाहिली. त्याचा हात पाणीपुरीच्या आणि कुल्फीच्या गाड्यांवर बसलेला. त्याने विचारलं, "सर, याच्यात काय विकायचंय?"

"काही विकायचं नाही. फिरायचंय."

"फिरायचं तर मग एवढं सामान कशाला?"



खरं कारण सांगायचं तर ते फिरणं वगैरे नव्हतं. माझी लेक अकोले तालुक्यात दिली आहे, वर भंडारदऱ्याच्या बाजूला. व्याही भातशेती करतात. कमी बोलणारा माणूस. उन्हाळ्यात त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना मी तीस वर्षांच्या सवयीने सौर ऊर्जेवर घसरलो आणि बोलता बोलता म्हणून गेलो, "पुढच्या वेळी येईन तो उन्हावर येईन. पेट्रोल नाही, तारेतली वीज नाही, कोणाची मदत नाही. फक्त ऊन." व्याह्यांनी भाताचा घास गिळला आणि म्हणाले, "या की."

त्या दोन शब्दांत आव्हान होतं, की नुसतं आमंत्रण होतं, याचा मी पुढे चार महिने विचार केला.

बायको म्हणाली, "अहो, ते डोंगरात राहतात."

"मग?"

"डोंगरात ढग असतात."

"ऑक्टोबरात नसतात." एक वर्ष भूगोलाच्या बाई रजेवर होत्या तेव्हा मी भूगोलही शिकवला होता.

तिने वाद घातला नाही. तिची एकच अट होती. मी झोपेत घोरतो, आणि नुसता घोरत नाही तर मध्येच श्वास थांबतो, म्हणून डॉक्टरांनी नाकावर लावून झोपायचं एक यंत्र दिलेलं आहे. ते बरोबर न्यायचं. त्याला घरची वीज लागते, म्हणून सायकलच्या बॅटरीवर चालणारा छोटा इन्व्हर्टरही न्यायचा. ती स्वतः एसटीने येणार होती. "तुम्ही निघा. तुम्ही पोचायच्या बेताला मी निघते," ती म्हणाली. पुणतांब्याहून तिकडे मला दोन दिवस लागणार होते, तिला एक. ही वजाबाकी मला थोडी लागली.

निघालो त्या सकाळी ऊन सोन्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना उभा ऊस, रस्ता सपाट, आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर पॅनेलांकडून येणारा आकडा वर वर जात होता. आपण शिकवलं ते खोटं नव्हतं, हे आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं. आनंदाच्या भरात मी वाटेतल्या प्रत्येकाला हात केला. लोकही थांबवून चौकशी करत. एकाने विचारलं, कुठल्या पक्षाचा प्रचार. एका बाईने विचारलं, चाकूला धार लावता का. एका शेतकऱ्याने पॅनेलावर टिचकी मारून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "योजना कोणती हाय? फॉर्म कुठं भरायचा?" योजना नाही, माझी स्वतःची आहे, म्हटल्यावर त्याचा रस गेला. "मग आमच्या काय कामाची," म्हणत तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

शिर्डीला मात्र मान मिळाला. तो गुरुवार होता हे मी विसरलो होतो. मंदिराच्या बाजूच्या गर्दीत सायकल हातात धरून चालत होतो. तिथे लांबून चालत आलेल्या भाविकांचा एक जथा होता. त्यांना वाटलं, मीही कुठूनतरी नवस बोलून आलो आहे. फुलांच्या दुकानातून एकाने झेंडूचा भलामोठा हार घेतला आणि माझ्या पॅनेलावर आडवा घातला. ते बघून दुसऱ्याने दुसरा घातला. कोणीतरी पाया पडलं. पडद्यावरचा आकडा धाडकन खाली आला.

आता ही गोष्ट मी नववीला शिकवत असे: पॅनेलातले सगळे तुकडे एका साखळीत असतात, एका तुकड्यावर सावली पडली की अख्खी साखळी अडते. पण हार घालणाऱ्या माणसाचे डोळे भरून आलेले असताना त्याला हे कसं सांगायचं? मी हात जोडले. राहात्याच्या बाजूला बऱ्याच पुढे येईपर्यंत मी ते हार काढले नाहीत, कारण मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीत तोच माणूस बसला असेल असं मला वाटत होतं. त्या दिवशी मी उन्हावर कमी आणि पायांवर जास्त चाललो.

पहिला मुक्काम लोणीच्या पुढे एका जुन्या सहकाऱ्याकडे केला. दुसऱ्या दिवशी संगमनेर मागे टाकून दुपारी अकोल्याच्या बाहेर पडलो, तेव्हा समोरचे डोंगर निळे दिसायला हवे होते. ते दिसतच नव्हते. त्यांच्या जागी ढग बसले होते. भात पिवळं पडायला लागलेलं, हवा गार, आणि आकडा जवळपास शून्यावर. बॅटरीच्या पाच रेघांपैकी तीन शिल्लक होत्या. मी हिशेब केला: पाय नीट मारले आणि चढावर उतरून ढकललं तर तीन रेघांत लेकीच्या दारात. बरोब्बर पुरत होतं.

राजूरच्या अलीकडे एका वाडीत चहासाठी थांबलो. चहाची टपरी बंद होती, कारण सगळी वाडी समोरच्या समाजमंदिरात जमली होती. बाहेर पताका, आत खुर्च्या, आणि दाराशी चारपाच माणसं एका मुक्या माईकभोवती उभी राहून एकमेकांवर ओरडत होती. प्राथमिक शाळेचे गुरुजी मला बघून पुढे आले. त्यांच्याकडून कळलं ते असं: वाडीची डीपी तीन दिवसांपूर्वी जळाली, वीज नव्हती. माईकवाला जनरेटर आणणार होता, तो दुसऱ्या गावी अडकला. आणि आज वाडीच्या अंगणवाडीच्या बाईंचा निरोप समारंभ. पासष्ट पूर्ण होत होती त्यांना. याच वाडीतल्या, याच वाडीत उभा जन्म काढलेल्या. बायकांनी महिनाभर आधीपासून सगळं ठरवलेलं.

"माईकशिवाय कसं व्हायचं?" गुरुजी म्हणाले. "पाहुणे बोलवलेत."

मी जरा मागे सरकायला हवं होतं. तीन रेघा, बरोब्बर पुरणाऱ्या. पण गेले दोन दिवस मला प्रचारक, धारवाला आणि नवसवाला समजलं गेलं होतं, आणि इथे पहिल्यांदा कोणालातरी विजेची गरज होती. मी घसा साफ केला. "माझ्याकडे आहे वीज," मी म्हणालो.

त्या क्षणी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं, तशी नजर मला तीस वर्षांत एकाही तुकडीने दिली नव्हती. इन्व्हर्टर काढला, तार जोडली, कर्ण्यातून खरखर आली आणि टाळ्या पडल्या. मला पहिल्या रांगेत, पाहुण्यांत खुर्ची मिळाली. माझ्या शेजारी सत्कारमूर्ती बाई बसल्या होत्या. अंगाने बारीक, नवी कोरी साडी, हात मांडीवर घट्ट धरलेले. मी नमस्कार केला तर त्यांनी मान हलवली फक्त. मला वाटलं, कमी बोलणाऱ्या असाव्यात.

सुरुवातीला बुद्धवंदना झाली. मग भाषणं. सरपंचबाई खुर्चीवर बसून राहिल्या आणि त्यांच्या वतीने त्यांचे यजमान बोलले. ते "दोन शब्द" म्हणाले, पण त्यांच्याकडे शब्द पुष्कळ होते. मग माजी सरपंच बोलले, रस्ता त्यांच्या काळात झाला म्हणून. मग सोसायटीचे अध्यक्ष, तो रस्ता नेमका कोणामुळे झाला म्हणून. प्रत्येक जण आधी माईकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो" करी. बाईंचं नाव प्रत्येकाच्या भाषणात सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा येई. मी मागे वळून सायकलकडे पाहत होतो. तीन रेघांच्या दोन झाल्या. मग एक. भाषणांवर मी मनातून चिडलो होतो. एवढी वीज वाया घालवतात लोक!

मग गुरुजी उठले आणि म्हणाले, "ज्यांच्यामुळे आज आपला आवाज सर्वांपर्यंत पोचतोय, ते सर आपल्याला सौर ऊर्जेविषयी दोन शब्द सांगतील. त्यानंतर बाई बोलतील."

मी नको म्हणालो. एकदाच. मग उठलो.

माझा तास पस्तीस मिनिटांचा असे. घंटा झाल्याशिवाय थांबायचं नाही, ही तीस वर्षांची सवय. त्या समाजमंदिरात घंटा नव्हती. मी सूर्यापासून सुरुवात केली. सूर्यावरून पाटीवर आलो, पाटीवरून साखळीवर, साखळीवरून शिर्डीच्या हारांवर. तिथे लोक हसले. लोक हसले की मास्तराला आवरणं अवघड. समोर बायका पदर सावरत बसल्या होत्या, मागे भात ढवळल्याचा वास येत होता, आणि मी सांगत होतो की कोळसा संपेल, तेल संपेल, पण या ऊर्जेचं वैशिष्ट्य असं आहे की ती...

कोंबडीची मान मुरगळावी तसा कर्ण्यातून आवाज आला आणि सगळं शांत झालं.

मी माईकवर टिचकी मारली. "हॅलो," मी म्हणालो. कोणीतरी मागे खुसखुसलं. सायकलच्या पडद्यावर एकही रेघ नव्हती. पडदाच विझला होता. मी खुर्चीवर येऊन बसलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता बोलायची पाळी कोणाची होती.

बाई उठल्या. पुढे गेल्या, माईकच्या काठीपाशी उभ्या राहिल्या, आणि ती काठी त्यांनी उचलून बाजूला भिंतीला टेकवली. मग दोन्ही हात वर करून टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "चला रे पोरांनो, गोल करा!"

तो आवाज त्या अंगातून येतोय यावर माझा विश्वास बसेना. बाहेर भात ढवळणाऱ्या माणसानेही मान वर केली. आणि मग मी जे पाहिलं ते असं: मागच्या रांगेतली दाढीमिशीवाली माणसं खुर्च्या ओढत पुढे आली. लेकुरवाळ्या बायका जमिनीवर सरकत आल्या. गोल झाला. सरपंचबाईंचे यजमान आणि माजी सरपंच त्या गोलात मांडीला मांडी लावून बसले, कारण ते दोघंही कधीकाळी याच बाईंच्या हाताखालून गेलेले होते.

बाईंनी भाषण केलं नाही. त्या गोलातून फिरल्या. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याचं वजन सांगितलं. आजचं नाही, तेव्हाचं. "ह्यो दोन किलोचा हुता. झोळीत टाकला तर काटा हलंना. आता बघा, दोन खुर्च्या लागत्यात." लोक हसले. "ही खिचडी खायची न्हाई, नुसता गूळ मागायची." मग एका माणसापाशी त्या थांबल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोलल्याच नाहीत. तो माणूस खाली बघत राहिला. शेजारच्या बाईने मला हळूच सांगितलं, त्याची थोरली मुलगी होती, दोन वर्षांची गेली. शेवटचे सात दिवस बाई रोज दोन वेळा त्याच्या घरी जाऊन तिला चमच्याने पेज पाजत होत्या. बाई पुढे सरकल्या. पुन्हा वजनं सांगायला लागल्या.

कोणी भाषण लांबलं असं म्हणालं नाही. ते किती वेळ चाललं हे मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं नव्हतं.

अर्थातच मी त्या संध्याकाळी पुढे जाऊ शकलो नाही. बाईंच्याच घरी मुक्काम झाला. नाकाचं यंत्र चालवायला वीज नव्हती, ती मी सौर ऊर्जेच्या व्याख्यानात खर्च केली होती. सकाळी त्यांच्या सुनेने चहा देताना विचारलं, "सर, झोप लागली का?" मी म्हणालो, छान लागली. ती म्हणाली, "आमाला वाटलं डीपी चालू झाली." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती आत पळाली.

बाई अंगणात उभ्या राहून माझ्या सायकलभोवती फिरत होत्या. आदल्या रात्रीपासून माझ्या मनात एकच वाक्य घोळत होतं, ते मी बोलून टाकलं. "बाई, तुमचा माईक मी संपवला. तुमच्या वाटची वीज होती ती. मला माफ करा."

त्या हसल्या. "सर, खरं सांगू का? आठ दिस मला जेवन जात न्हवतं त्या माईकच्या भ्यानं. सुपरवायझर मॅडमनी एकदा मीटिंगमधी माईक हातात दिल्ता, तर मी रडले हुते. काल तुमचं भाषण चालू हुतं तवा मी मनात म्हनत हुते, सर थांबू नका, सर थांबू नका."

मी अपराधी वाटायची सगळी तयारी करून आलो होतो. त्या तयारीचं आता काय करायचं ते मला कळेना.

"पन तुमचं अर्धवट राह्यलं," त्या म्हणाल्या. "चला, आज पोरांना सांगा. माझे दोन दिस राह्यलेत अजून."

म्हणून मी सायकल आणि मागची गाडी ढकलत अंगणवाडीत नेली. ऊन नुकतं फुटत होतं. पॅनेलं उन्हात उभी केली आणि मोजून अकरा मुलांसमोर सौर ऊर्जा सांगायला बसलो. पहिल्या मिनिटाला दोघं उठून गेली. दुसऱ्या मिनिटाला एका मुलीने विचारलं, "ह्यात कुल्फी हाय का?" नाही म्हटल्यावर उरलेली नऊही पॅनेलांच्या खाली सावलीत जाऊन बसली आणि तिथे त्यांनी घर-घर खेळायला सुरुवात केली. बाई दारातून बघत होत्या. "बसा सर," त्या म्हणाल्या, "त्यांना कळलंय." मग आम्ही दोघं पायरीवर बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. मधूनमधून मुलांची सावली सरके, तशी मी गाडी सरकवत होतो. मला पॅनेलं उन्हाकडे करायची होती, मुलांना सावली हवी होती, आणि चमत्कार असा की दोन्हीला तीच दिशा चालत होती.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती एसटीने आदल्या दिवशीच पोचली होती. "कुठे आहात?"

"अंगणवाडीत."

"तुमच्यासाठी केलेलं काल सगळ्यांनी खाल्लं," ती म्हणाली. "आज परत करतायत. या लवकर."

दुपारी दोन रेघा भरल्यावर निघालो. राजूर पार झालं आणि पुन्हा ढग आले. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी बॅटरी संपली. वजन ओढत वीसेक पावलं जायचो, थांबायचो. तिसऱ्या वळणावर वरून कोणी भराभर चालत येताना दिसलं. माझी लेक होती. तिने मागे जाऊन गाडीला खांदा लावला.

"सोड, मी आणतो," मी म्हणालो.

"बाबा, पुढे बघा. खड्डा आहे."

आम्ही बराच चढ चढलो. तिच्या लग्नानंतर तिच्याबरोबर एवढा वेळ सलग एकटा मी पहिल्यांदाच होतो, आणि तेव्हाही ती माझ्या पाठीमागे होती. मध्ये एकदा दम घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, भात लावणीला या वर्षी ती पहिल्यांदा चिखलात उतरली, सासूबाईंनी हात धरून शिकवलं. पायाला जळू लागली होती. "फोनवर सांगितलं नाहीस," मी म्हणालो. "तुम्ही फोनवर बॅटरीचं सांगत होता," ती म्हणाली. चिडून नाही, आपलं असंच.

घर दिसायला लागलं तशी ती मागून सुटून आडवाटेने पुढे गेली. ओटीवर सगळे उभे होते. मी एकट्यानेच सायकल आत आणली. व्याह्यांनी पुढे होऊन हँडल धरलं, पॅनेलांकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"उन्हावर आलो," मी म्हणालो.

"व्हय," व्याही म्हणाले. "पन ऊन कुठं हाय हो इकडं? आमाला तर तीन दिस दिसलं न्हाई."

माझी लेक दाराशी हाताचा चिखल धूत होती. तिने मान वर केली नाही. बायकोने मात्र केली.

मग जेवताना मी सगळं सांगितलं. चढावर लेकीने ढकललं तेही, माईक मी संपवला तेही. व्याही ऐकत जेवत राहिले. घोरण्याचं ऐकून विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्या एकदम गंभीर झाल्या आणि वाढता वाढता हातातला भाताचा चमचा तसाच धरून त्यांनी विचारलं, "त्या मुलीला पेज पाजली म्हणता, तो बाप काय बोलला का मग काही?"

"नाही," मी म्हणालो. "कार्यक्रम संपल्यावर त्याने एकट्याने सगळ्या खुर्च्या उचलल्या."

विहीणबाईंनी माझ्या पानात भात वाढला. सायकलबद्दल त्या संध्याकाळी कोणी काही विचारलं नाही.